फाइल डी ड्राइव्हवर, शॉर्टकट डेस्कटॉपवर: शाळेच्या कार्यालयातला संगणक नीट लावायची पद्धत

शाळेच्या कार्यालयातला संगणक सुरू केला की बहुतेक ठिकाणी वॉलपेपर दिसतच नाही. 'दाखला नवीन', 'दाखला नवीन फायनल', 'बोनाफाईड २', 'न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट (४)' अशा फायलींनी सगळा पडदा भरलेला असतो. पालक खिडकीशी उभे असतात आणि लिपिक त्या गर्दीत बोनाफाईडचा नमुना शोधत असतो. फाइल हाताशी हवी म्हणून लोक ती डेस्कटॉपवर ठेवतात. हेतू बरोबर आहे. पण हाताशी ठेवायचा असतो तो फाइलचा शॉर्टकट, आणि मूळ फाइल राहते तिच्या कायमच्या जागी.

शॉर्टकट म्हणजे अगदी छोटी, एक-दोन केबीची फाइल. तिच्यात मूळ फाइलचा पत्ता असतो, मजकूर नसतो. विंडोजमध्ये ही सोय १९९५ पासून, म्हणजे विंडोज ९५ पासून आहे आणि तिची खूणही तेव्हापासून तीच आहे: आयकॉनच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. बाण असेल तर तो शॉर्टकट. तो पुसला तरी मूळ फाइलला काही होत नाही. बाण नसेल तर ती खरी फाइल, ती पुसली की गेली. डेस्कटॉपवर काहीही डिलीट करण्याआधी त्या कोपऱ्याकडे पाहायची सवय लावून घ्या.

खरी फाइल डेस्कटॉपवर ठेवण्यात आणखी एक धोका आहे. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरचाच, म्हणजे हार्ड डिस्कच्या विंडोज असलेल्या भागातलाच, एक फोल्डर असतो. संगणक बिघडला की दुरुस्तीवाला "विंडोज नव्याने टाकावं लागेल" म्हणतो आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो. डी ड्राइव्हला तो सहसा हात लावत नाही. मग 'डी मध्ये होतं ते सगळं आहे, डेस्कटॉपवरचं गेलं' हे ऐकायची वेळ येते.

आधी फायली जागेवर न्या

शॉर्टकट करायच्या आधी हे काम उरकून घ्या, नाहीतर पुन्हा सगळे शॉर्टकट बदलत बसावं लागेल. डी ड्राइव्हवर 'कार्यालय' नावाचा एक फोल्डर करा आणि त्याच्या आत दाखले, पगार, विद्यार्थी, पत्रव्यवहार असे चार-पाच फोल्डर. याहून जास्त खोलात जाऊ नका. डेस्कटॉपवरच्या फायली निवडा, कंट्रोल-एक्सने उचला आणि योग्य फोल्डरमध्ये कंट्रोल-व्हीने ठेवा. उचलण्याआधी त्या फायली बंद आहेत ना, ते पाहा. वर्डमध्ये उघडी असलेली फाइल हलत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एकटा सी ड्राइव्हच असतो. तिथे डॉक्युमेंट्समध्ये हाच 'कार्यालय' फोल्डर करा आणि आठवड्यातून एकदा तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कुठल्याही संगणकावर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली साठवायची सोय) चालू असेल तर एक गोष्ट तपासा. वनड्राइव्ह डेस्कटॉपचाही बॅकअप घेत असतो, आणि तेच खातं दुसऱ्या संगणकावर उघडलं की शॉर्टकट तिथेही उमटतात. पण ते ज्या डी ड्राइव्हकडे बोट दाखवतात तो तिथे नसतोच. घरच्या संगणकावर शाळेचे शॉर्टकट दिसतात पण उघडत नाहीत, ही तक्रार बहुधा अशीच असते.

शॉर्टकट करायच्या तीन रीती

पहिली रीत सगळ्यांत सोपी. फाइलवर उजवी क्लिक करा. विंडोज १० मध्ये 'सेंड टू' लगेच दिसतं. त्यात 'डेस्कटॉप (क्रिएट शॉर्टकट)' निवडा, झालं. विंडोज ११ मध्ये मात्र उजव्या क्लिकचा मेनू आखूड केलेला आहे, त्यामुळे 'सेंड टू कुठे गेलं?' हा प्रश्न हमखास येतो. मेनूत तळाशी 'शो मोअर ऑप्शन्स' आहे, त्यावर क्लिक केलं की जुना मेनू येतो. दर वेळी हा फेरा नको असेल तर शिफ्ट दाबून धरून उजवी क्लिक करा. थेट जुनाच मेनू उघडतो.

दुसरी रीत ओढण्याची. फाइल असलेली खिडकी थोडी लहान करा, म्हणजे मागचा डेस्कटॉप दिसेल. आता आल्ट दाबून धरा, फाइल डेस्कटॉपवर ओढा, आधी माउस सोडा आणि मग आल्ट. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आल्ट आधी सुटलं, तर शॉर्टकट होण्याऐवजी फाइलच हलते किंवा तिची प्रत होते. ज्यांचा हात माउसवर अजून बसलेला नाही त्यांनी माउसचं उजवं बटण दाबून फाइल ओढावी. सोडल्यावर छोटा मेनू येतो आणि 'क्रिएट शॉर्टकट्स हिअर' असं शांतपणे निवडता येतं.

तिसरी रीत म्हणजे डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवी क्लिक, 'न्यू', मग 'शॉर्टकट'. तिथे फाइलचा पत्ता विचारतात. पत्ता हाताने टाइप करू नका, 'ब्राउझ' दाबून फाइल दाखवा. फायलींसाठी ही रीत लांबचीच आहे.

नाव देताना

ओढून केलेल्या शॉर्टकटच्या नावाला शेवटी 'शॉर्टकट' हा शब्द चिकटतो. आयकॉन निवडून एफ-२ दाबा आणि नाव बदला. शॉर्टकटचं नाव मूळ फाइलसारखंच हवं असं नाही. मूळ फाइलचं नाव कसंही वाकडंतिकडं, इंग्रजीत, तारखेसकट असलं तरी शॉर्टकटला सरळ 'बोनाफाईड' म्हणा. मराठी नाव चालतं.

चालत नाही ते तिरकी रेघ. '२०२५/२६' किंवा '७/१२' असं नाव दिलं की विंडोज ते घेत नाही, कारण तिरकी रेघ फोल्डरांचा पत्ता लिहायला राखून ठेवलेली आहे. विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांनाही बंदी आहे. त्यांच्या जागी साधी आडवी रेघ वापरा: '२०२५-२६'.

नावाचा उपयोग कीबोर्डवरूनही होतो. कुठल्याही कामात असताना विंडोजचं बटण आणि डी दाबलं की सगळ्या खिडक्या खाली जाऊन डेस्कटॉप समोर येतो. आता शॉर्टकटच्या नावाची पहिली एक-दोन अक्षरं टाइप केली की तो आपोआप निवडला जातो, एंटर दाबलं की उघडतो. पण नाव मराठीत असेल तर त्या वेळी कीबोर्डही मराठीवर हवा. विंडोज आणि स्पेसने तो बदलता येतो, तरी पालक समोर असताना हे आठवत नाही. म्हणून नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा द्यावा: एक बोनाफाईड, दोन दाखला, तीन पगारपत्रक. विंडोज-डी, मग आकडा, मग एंटर. माउसची गरजच नाही. दोन-तीन दिवसांत आकडे पाठ होतात.

स्वतःचं बटण

दिवसात वारंवार लागणाऱ्या एक-दोन फायलींना कीबोर्डवर स्वतंत्र जुळणी देता येते. शॉर्टकटवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, किंवा तो निवडून आल्ट-एंटर दाबा. 'शॉर्टकट' या टॅबमध्ये 'शॉर्टकट की' नावाची चौकट आहे, तिच्यात 'नन' लिहिलेलं असतं. तिथे क्लिक करून फक्त एक अक्षर दाबा, समजा बी. 'कंट्रोल-आल्ट-बी' असं विंडोज स्वतःच लिहितं. 'ओके' करा. आता एक्सेलमध्ये असा, ब्राउझरमध्ये असा, ही तीन बटणं दाबली की बोनाफाईड उघडेल.

ही जुळणी शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेपर्यंतच चालते. तो उचलून डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोल्डरात टाकला की बंद. शिवाय अक्षर निवडताना घाई नको, कारण ही जुळणी इतर प्रोग्रामवर कुरघोडी करते. वर्डमध्ये कंट्रोल-आल्ट-एम कॉमेंटसाठी आणि कंट्रोल-आल्ट-एफ तळटीपेसाठी आहे. एक, दोन, तीन हे आकडे शीर्षकांच्या शैलीसाठी आहेत. एक्सेलमध्ये कंट्रोल-आल्ट-व्ही 'पेस्ट स्पेशल'साठी लागतं. चार हा आकडा तर अजिबात घेऊ नका: इंग्रजी (इंडिया) कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह उजवं आल्ट आणि चार असं उमटतं, आणि अशा कीबोर्डांवर उजवं आल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल-आल्टच. पगारपत्रकात रुपयाचं चिन्ह टाकायला जाल आणि भलतीच फाइल उघडेल. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी) वापरणाऱ्यांची काही अक्षरंही उजव्या आल्टवर आहेत, त्यांनी ठरवलेली जुळणी मराठी कीबोर्डवर एकदा दाबून पाहावी.

त्याच टॅबमध्ये 'रन' नावाची यादी आहे. तिच्यात 'मॅक्सिमाइझ्ड' निवडलं की फाइल पूर्ण पडद्यावर उघडायला सांगता येतं. रुंद तक्त्यांच्या एक्सेल फायलींना हे बरं पडतं.

दाखल्याचा नमुना: इथे जरा थांबा

शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, शाळेचं लेटरहेड या नमुना-फायली. त्यांचा शॉर्टकट केला की त्या झटकन उघडतात, आणि तितक्याच झटकन खराबही होतात. नमुना उघडायचा, विद्यार्थ्याचं नाव भरायचं, प्रिंट काढायची आणि सवयीने कंट्रोल-एस. पुढच्या वेळी नमुन्यात आधीच्या मुलाचं नाव, जन्मतारीख, जात सगळं बसलेलं असतं. त्यातलं एखादं खोडायचं राहिलं तर ते नव्या मुलाच्या दाखल्यावर छापलं जातं, आणि दाखल्यावरची चूक निस्तरणं किती जिकिरीचं असतं ते लिपिकांना सांगायला नको.

यावर उपाय वर्डमध्येच आहे. नमुन्याची स्वच्छ फाइल उघडा, एफ-१२ दाबून 'सेव्ह ॲज' आणा आणि प्रकाराच्या यादीत 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. निवडताक्षणी वर्ड स्वतःहून फोल्डर बदलतं आणि 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' नावाच्या आतल्या फोल्डरात जाऊन बसतं. तिकडे लक्ष गेलं नाही तर फाइल 'सेव्ह तर केली होती' म्हणत शोधावी लागते. म्हणून आधी प्रकार निवडा, मग परत डी ड्राइव्हवरच्या 'दाखले' फोल्डरात या आणि मगच सेव्ह करा.

आता या टेम्प्लेटचा शॉर्टकट डेस्कटॉपवर करा आणि जुन्या वर्ड फाइलचा शॉर्टकट पुसून टाका. डबल क्लिक केल्यावर मूळ नमुना उघडत नाही, त्याच्यावरून बनलेली नवी बिननावाची फाइल उघडते. कंट्रोल-एस दाबलं तरी ती नाव विचारते. नमुना शाबूत राहतो. मुख्याध्यापक बदलले म्हणून नमुन्यातच दुरुस्ती करायची असेल तर मूळ टेम्प्लेटवर उजवी क्लिक करून 'ओपन' म्हणा. एक्सेललाही असाच 'एक्सेल टेम्प्लेट' प्रकार आहे.

फोल्डरचा शॉर्टकट

फोल्डरचाही शॉर्टकट त्याच रीतीने होतो. त्याचा आणखी एक उपयोग फार थोडे जण करतात: त्याच्यावर फाइल ओढून टाकली की ती थेट त्या फोल्डरात जाते, फोल्डर उघडावा लागत नाही. स्कॅनरमधून आलेली पत्रं 'आवक' नावाच्या शॉर्टकटवर टाकत जा. एवढंच ध्यानात असू द्या की एकाच ड्राइव्हवर ओढलेली फाइल हलते आणि वेगळ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. प्रतच हवी असेल तर ओढताना कंट्रोल धरा, हलवायचीच असेल तर शिफ्ट.

हाच शॉर्टकट 'सेंड टू'च्या यादीतही बसवता येतो. विंडोज-आर दाबा, चौकटीत इंग्रजीत 'शेल', कोलन, 'सेंड टू' हे मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरात 'आवक'चा शॉर्टकट कॉपी करून ठेवा. पुढे कुठल्याही फाइलवर उजवी क्लिक करा, 'सेंड टू'मध्ये 'आवक' हजर.

सकाळच्या सगळ्या फायली एकदम

रोज शाळा भरली की त्याच तीन-चार फायली उघडायच्या असतील तर डेस्कटॉपवर 'सकाळ' नावाचा फोल्डर करा. त्यात फक्त शॉर्टकट ठेवा: हजेरीचा गोषवारा, पोषण आहाराची नोंद, आवक-जावक. फोल्डर उघडा, कंट्रोल-ए, एंटर. सगळ्या फायली एका दमात उघडतात. पंधरापेक्षा जास्त वस्तू एकदम निवडल्या की विंडोज त्या अशा उघडू देत नाही, पण इतक्या फायली रोज सकाळी लागत असतील तर प्रश्न शॉर्टकटचा नाही.

शालार्थ (पगाराचं) किंवा यू-डायस प्लस (शाळेच्या माहितीचं) यांसारख्या संकेतस्थळांचे शॉर्टकटही याच फोल्डरात राहू शकतात. ब्राउझरची खिडकी लहान करा आणि पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह धरून डेस्कटॉपवर ओढा. लॉगिनच्या पानाचा शॉर्टकट करा, आतल्या पानाचा करू नका. आतलं पान बहुधा थोड्या वेळाने 'सेशन संपलं' म्हणतं.

वर्ष बदललं की

जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं, एप्रिलमध्ये हिशेबाचं. नवा फोल्डर होतो, गेल्या वर्षीच्या फाइलची प्रत काढून तिच्यात नव्या नोंदी सुरू होतात. पण डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बिचारा जुन्याच फाइलकडे नेत राहतो. नावावरून काहीच कळत नाही, आणि जुलैची हजेरी गेल्या वर्षीच्या फाइलीत भरली जाते.

यावर माझं ठाम मत असं की चालू फाइलच्या नावात वर्ष घालूच नका. 'हजेरी चालू' असं नाव ठेवा. वर्ष संपलं की तिची प्रत काढा, प्रतीला वर्षाचं नाव द्या आणि ती जुन्या फायलींच्या फोल्डरात टाका. मग 'हजेरी चालू' उघडून आतल्या नोंदी रिकाम्या करा. फाइल तीच, पत्ता तोच, म्हणून शॉर्टकटला हात लावावा लागत नाही. मूळ फाइललाच नाव बदलून जुन्यांत ढकलू नका. एकाच संगणकावर फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं तर विंडोज बहुतेक वेळा तिचा माग काढतं आणि शॉर्टकटही तिच्यामागे जातो. एरवी ही सोय आहे, इथे ती नडते.

माग निघाला नाही तर 'प्रॉब्लेम विथ शॉर्टकट' अशी चौकट येते आणि शॉर्टकट पुसू का, असं विचारते. आधी 'नो' म्हणा. मग प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचा. फाइल शेवटी कुठे होती ते तिथे लिहिलेलं असतं. शोधाला तिथून सुरुवात करा.

पेन ड्राइव्हची भानगड

शिक्षण विभागाच्या बैठकीला माहिती न्यायची असते. घाईत डेस्कटॉपवरचा आयकॉन पेन ड्राइव्हवर कॉपी होतो आणि तिकडे फाइल उघडत नाही, कारण गेलेला असतो तो शॉर्टकट. प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावरही हेच. डेस्कटॉपवरून जीमेलमध्ये ओढून टाकला तर जीमेल अशा फाइलला अडवतो. शॉर्टकटवर उजवी क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा आणि तिथून खरी फाइल कॉपी करा. पेन ड्राइव्ह काढण्याआधी आयकॉनवर बाण नाही ना, आणि प्रॉपर्टीजमध्ये प्रकार 'शॉर्टकट' लिहिलेला नाही ना, एवढं पाहा.

उलट बाजूही आहे. बाहेरून आलेल्या पेन ड्राइव्हवर स्वतःच्याच फोल्डरांना बाण लागलेले दिसले तर त्यांच्यावर डबल क्लिक करू नका. हाच तो सायबर कॅफेंमुळे घराघरात माहीत झालेला 'शॉर्टकट व्हायरस'. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो. २०१० मध्ये उजेडात आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस तर शॉर्टकट न उघडता, नुसता आयकॉन दिसला तरी पसरत होता. मायक्रोसॉफ्टने ते भोक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुजवलं.

अशा वेळी आधी पेन ड्राइव्ह विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने तपासा. मग विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', 'शो', 'हिडन आयटम्स' असं करा, विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच 'हिडन आयटम्स' आहे. तरी फोल्डर दिसले नाहीत तर 'ऑप्शन्स'मधल्या 'व्ह्यू' टॅबवर 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची खूण काढा. खरे फोल्डर फिकट दिसतील. त्यांतल्या फक्त वर्ड, एक्सेल, पीडीएफ आणि फोटो संगणकावर कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण आठवणीने परत लावा.